पोस्टात न पडलेले फोटो

आमच्या कंपनीतला नाटेकर पहिल्या भेटीत माणसाला नाव-गाव विचारत नाही. "लहानपणी समुद्रावर गेला होतास का?" असं विचारतो. हो म्हटलं की थोडा जवळ सरकतो. "वडलांच्या कंपनीच्या ट्रिपला? लाल एसटीनं?" पुन्हा हो म्हटलं की आवाज खाली आणतो आणि चेहऱ्याकडे अशा काही नजरेनं बघायला लागतो, की आपल्या दातात कोथिंबीर अडकली असावी असं वाटतं. "तिथं टीव्हीत बसला होतास का रे?"

मला त्यानं हे माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी विचारलं. चाकणला जाणारी कंपनीची बस, सकाळचे सहा. मी म्हणालो, टीव्हीत नव्हतो बसलो, घोड्यावर बसलो होतो, आणि घोडा चालायला लागल्यावर उतरवा म्हणून रडलो होतो.

"कुठल्या समुद्रावर?"

ते मला कुठे माहीत? सात वर्षांच्या पोराला समुद्र एकच असतो.

"पेंडिंग ठेवू," नाटेकर म्हणाला आणि खिडकीला डोकं टेकून झोपी गेला.

पेंडिंग हा त्याचा लाडका शब्द. वय त्रेचाळीस, लग्न पेंडिंग. रूमवरचा नळ दोन वर्षं गळतोय, तो पेंडिंग. गावाकडच्या घराची कौलं पेंडिंग. कामावर मात्र त्याचं काही पेंडिंग नसतं. मोटारसायकलच्या टाक्यांना रंग दिल्यावर त्यात धुळीचा कण, ओघळ, केस असलं काही राहिलंय का, ते तो भिंगातून बघतो. रंगात अडकलेला पापणीचा केस त्याला हातभर अंतरावरून दिसतो. समोर उभा असलेला सुपरवायझर मात्र पुष्कळदा दिसत नाही.

टीव्हीचा उलगडा मला महिन्याभरानं कँटीनमध्ये झाला. नाटेकरचे बाबा दापोलीकडच्या एका किनाऱ्यावर फोटो काढायचे. किनाऱ्यावर फोटोवाले चार, म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. माणसाच्या उंचीचा प्लायवूडचा टीव्ही बनवला. तपकिरी रंग, बरणीच्या झाकणांची दोन बटणं, वर बांबूच्या कामट्यांचा अँटेना. मधला पडदा कापून मोकळा ठेवलेला. मागं स्टूल. त्यावर बसून पडद्यातून तोंड काढायचं, की झालात तुम्ही टीव्हीतले. फोटो काढून झाला की बाबा लिफाफ्यावर पत्ता लिहून घ्यायचे, आणि तालुक्याच्या गावाहून फोटो धुऊन आले की पोस्टानं पाठवायचे.

आजच्या पोरांना यात काय मजा ते कळायचं नाही. आम्ही आकुर्डीला कामगारांच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. आमच्या रांगेत एकच टीव्ही. रविवारी सकाळी त्या घरात तीसेक चपला दारात आणि एक माणूस गच्चीवर. गच्चीवरचा अँटेना फिरवत ओरडायचा, "आलं का?" आणि आतून सगळी चाळ ओरडायची, "गेलं! मागं घ्या, मागं!" पडद्यावर कायम मुंग्या. त्या मुंग्यांच्या पलीकडं जी माणसं राहायची, त्यांच्यात जाऊन बसायला मिळतंय म्हटल्यावर मी घोडा, उसाचा रस, बर्फाचा गोळा, सगळं सोडून दिलं असतं. पण मी घोड्यावर बसलो.

आणि एका मे महिन्यात नाटेकरच्या बाबांना कावीळ झाली. पंधरा दिवसांत गेले. धुवायला दिलेले शेवटचे फोटो त्यानंतर आठवड्यानं आले. आईनं ते पत्त्यांच्या लिफाफ्यांत घातले, सगळे लिफाफे एका कापडी पिशवीत भरले आणि पिशवी ट्रंकेत टाकली. पोस्टात टाकायचं तिला का सुचलं नाही, हे नाटेकरला माहीत नाही. त्यानं कधी विचारलं नाही. आई गेल्यावर ट्रंक उघडली तेव्हा त्याला ती पिशवी सापडली. एकतीस लिफाफे. त्यातले बावीस आमच्या पिंपरी-चिंचवडचे, कारण त्या काळी इथल्या कंपन्यांच्या ट्रिपा तिकडं जायच्या.

"बाबांचं काम पेंडिंग राहिलंय," तो मला म्हणाला. बाकीचे नऊ त्यानं खरोखरच पोस्टात टाकले. बावीस मात्र हातानं द्यायचे ठरवले. सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन हा पत्ते शोधत फिरतो.

आता या गावात तेव्हाचा पत्ता शोधणं म्हणजे काय ते इथल्या माणसालाच कळेल. भोसरीत ज्या चाळीत तिसऱ्या खोलीत एक कुटुंब राहायचं, तिथं बावीस मजल्यांची इमारत उभी आहे. वॉचमननं विचारलं, "फ्लॅट नंबर?" नाटेकर म्हणाला, "खोली नंबर तीन, संडासाच्या बाजूनं." वॉचमननं ते इंटरकॉमवर कुणाला तरी सांगितलंसुद्धा.

निगडीत एका घरात नवरा-बायको दोघंही भेटले. नवऱ्यानं दार अर्धंच उघडून सांगितलं, आम्हाला काही घ्यायचं नाही. नाटेकरनं फोटो पुढं केला. टीव्हीत मिशीवाला तरुण, त्याला खेटून एक हडकुळी, खळखळून हसणारी बाई. आतून बायको आली, चष्मा लावला आणि तिचा आवाज चढला. "ही कोण?" नवरा बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तूच आहेस गं." ती फोटो घेऊन आत गेली आणि परत बाहेर आली नाही. चहाचं पेंडिंग राहिलं ते राहिलंच, असं नाटेकर सांगतो.

सांगवीत एका तरुणानं, "आजोबांचा आहे होय? मोबाइलवर पाठवून द्या ना, कागद कशाला," म्हणत दार लावलं.

सगळ्यात मोठा घोटाळा त्यानं कंपनीतच केला. एका लिफाफ्यावरचं नाव पुसलं गेलं होतं, चिंचवड एवढंच वाचता येत होतं; आत सहा वर्षांचा मुलगा होता. पुढचे दोन दात पडलेले, दहाही बोटांत त्या पिवळ्या, खारट, पोकळ नळ्या अंगठ्यांसारख्या घातलेल्या. आमच्या एचआरच्या साहेबांची हनुवटी तशीच आहे असं नाटेकरच्या मनानं घेतलं. दोन आठवडे तो त्यांच्याकडे टक लावून बघत होता. शेवटी एकदा जिन्यात गाठून म्हणाला, "साहेब, जरा ई करून दाखवा." साहेब चंद्रपूरचे. चाळिशीपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. नाटेकरला लेखी समज मिळाली. ती त्यानं पिशवीत, लिफाफ्यांच्या खाली ठेवून दिली.

आम्ही त्याला हसायचो. मीही हसायचो. पण दिवाळीत तो आमच्या घरी आला तेव्हा मला एक गोष्ट खटकली. फराळाची बशी बाजूला सारून त्यानं आईला विचारलं, "काकू, जुना अल्बम आहे?" आईला आनंद झाला. असं आताशा कोण विचारतं? तिनं लग्नापासून सुरुवात केली. नाटेकरनं लग्न दोन मिनिटांत उरकलं, माझं बारसं बघितलंच नाही. ट्रिपचे चार फोटो आले तसा त्यानं खिशातून कामावरचं भिंग काढलं. घोड्यावर मी रडतोय, त्याकडं त्याचं लक्षच नव्हतं. तो फोटोच्या कडा बघत होता. कोपऱ्यात उभी असलेली, अर्धवट कापली गेलेली, पाठमोरी माणसं. चारी फोटो झाले. भिंग खिशात गेलं.

"नाही," तो म्हणाला आणि चकली खायला लागला.

आई नंतर म्हणाली, "विचित्रच आहे मुलगा. तुझ्याकडं बघितलंसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी त्याला विचारलं, "लोकांचे फोटो त्यांना द्यायचे, हे समजलं. त्यांचे अल्बम कशाला बघतोस?"

तळवड्याच्या चौकात बस ट्रॅफिकमध्ये अडकली, तेव्हा तो बोलला.

"आमच्याकडं बाबांचा फोटो नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. एकही. ते म्हणायचे, आपल्यावर रीळ कशाला घालवायचं. तेराव्याला पाटावर ठेवायला फोटो नव्हता. आईनं कॅमेरा ठेवला. कॅमेऱ्याला हार घातला." तो थोडं हसला. "भटजी म्हणाले, चालेल."

बस हातभर पुढं सरकली.

"मी अकरा वर्षांचा होतो. मला ते आठवतात ते अंथरुणावर पडलेले. डोळे पिवळे. त्याच्या आधीचं काहीच येत नाही बघ समोर. इथल्या लोकांकडं तेव्हा स्वतःचे कॅमेरे असायचे. ट्रिपला एक तरी असायचाच. कुणाच्या तरी फोटोत मागं उभे राहिलेले असतील की नाही?"

बावीसपैकी एकवीस लिफाफे तोवर संपले होते. काही दिले, काहींची माणसं मिळाली नाहीत. ज्यांनी अल्बम दाखवले त्यात कुठं छत्रीवाला होता, कुठं घोडेवाला. फोटोवाला कुठंच नव्हता. त्याला तरी फोटोत कोण घेणार?

शेवटचा लिफाफा मोशीचा होता. त्या रविवारी दुपारी मीच म्हणालो, गाडीवरनं सोडतो.

पत्ता विचारत विचारत आम्ही इंद्रायणीच्या बाजूला गेलो. नव्या टॉवरांच्या मधोमध एक बैठं घर राहिलं होतं, दारात म्हैस बांधायचा खुंटा, पण म्हैस नाही. ओसरीवर साठी ओलांडलेल्या एक बाई लसूण सोलत बसल्या होत्या. लिफाफ्यावर त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. नाटेकरनं आपलं पाठ झालेलं भाषण सुरू केलं, की मी अमक्याचा मुलगा, बाबांचं काम राहून गेलं होतं, उशिराबद्दल माफी असावी. बाईंनी ते अर्ध्यातच थांबवलं आणि फोटो हातात घेतला. टीव्हीत एक माणूस, मांडीवर फ्रॉकातली पोर.

"आगं बाई," त्या म्हणाल्या. "ह्ये तर आमचं मालक. आन् ही आमची सुमी." मग जरा वेळानं, "मालक जाऊन आठ वर्सं झाली. लई वाट बघितली व्हती त्यांनी ह्या फोटूची. रोज पोस्टमनला इचारायचे."

नाटेकर खाली मान घालून उभा राहिला.

"बसा की. हुबं का?"

आम्ही बसलो. चहा झाला. नाटेकर अल्बमचं विचारेना, म्हणून मीच विचारलं. अल्बम नव्हता. मिठाईच्या खोक्यात सुटे फोटो होते. बाई एकेक काढून देत होत्या, जत्रा, पूजा, नवा ट्रॅक्टर. मग समुद्र आला. "ह्यो मालकांच्या कंपनीतल्या दोस्तानं काढला व्हता," त्या म्हणाल्या.

फोटोत तो प्लायवूडचा टीव्ही होता, बाजूनं घेतलेला. खूप वारा असावा, कारण सगळ्या बायकांचे पदर एकाच दिशेला उडालेले. टीव्ही पडू नये म्हणून एक माणूस दोन्ही हातांनी तो धरून उभा होता. गळ्यात कॅमेरा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. तोंड अर्धं वळलेलं, पण दिसत होतं. तो हसत होता. नुसतं हसणं नव्हे, अख्खा माणूस वाकला होता हसण्यानं.

नाटेकरनं भिंग काढलं नाही.

"हे कोण?" त्यानं विचारलं. त्याला माहीत होतं. तरी विचारलं.

"त्यो फोटूवाला. लई खोडीचा माणूस. पोरांना म्हनायचा, टीवीत आलाय ना, मग बातम्या द्या! आमची सुमी चार वर्सांची. तिनं बातमी दिली, आमच्या आईची चप्पल समुद्रानं न्हेली आन् आई रडतीया." बाई स्वतःच हसायला लागल्या. "तवाच काढलाय बघ ह्यो. त्याला हसू आवरंना, आन् टीवी सोडता येईना."

"ते हसायचे?" नाटेकर म्हणाला.

"मंग! हसायचं न्हाई तर काय." बाईंनी त्याच्याकडं नीट बघितलं. बहुतेक तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला. "घिऊन जा तू ह्यो, बाळा. तुझाच हाय."

नाटेकरनं फोटो दोन्ही हातांनी धरला होता. तो त्यानं खोक्यात, बाकीच्या फोटोंवर परत ठेवला.

"नको. तुमचा आहे. राहू दे इथंच."

"अरे, मोबाइलवर तरी काढून घे," मी म्हणालो.

"बॅटरी गेलीये," तो म्हणाला. मी माझा मोबाइल काढायला खिशात हात घातला, तर त्यानं गुडघ्यानं माझा गुडघा दाबला. मला कळेना. मी हात बाहेर काढला.

"मंग पुन्हा ये काढायला," बाई म्हणाल्या. "मी काय, घरीच असती. सुमी नगरला दिली. हितं कोन येतंय?"

"येईन," नाटेकर म्हणाला.

परत येताना आळंदी रस्त्याला लागलो, तोच मागं त्याच्या खिशात मोबाइल वाजायला लागला. चांगला मोठ्यानं. मी गाडी हळू केली.

"उचल की."

"नको. गाडी चालू आहे."

"गाडी मी चालवतोय."

मोबाइल वाजून वाजून थांबला. पुढचा चौक आला.

"दुसऱ्या शनिवारी सुट्टी आहे ना आपल्याला?" त्यानं मागून विचारलं.

"आहे. का?"

"काही नाही. मी बसनं जाईन. तुला कशाला त्रास."