उजव्या चौकोनातली यामिनी

करंजपुरात लग्न म्हणजे नगर परिषदेच्या संगणकावरच्या शीटमधले दोन शेजारचे चौकोन मर्ज करून त्यांचा एक करणे, आणि मर्ज केल्यावर डाव्या चौकोनात लिहिलेलं तेवढं उरतं, उजव्यातलं जातं. डावा चौकोन नवऱ्याचा. मांडवात नवरीला कुठल्याही बाजूला बसवा, शीटमध्ये ती उजवीकडेच.

यात कुणाला काही वावगं वाटत नसे. गावातल्या प्रत्येकाचा त्या शीटमध्ये एक चौकोन होता आणि त्यात तो माणूस सगळा लिहिलेला होता. त्याच्या आवडीनिवडी, आठवणी, अंगातली कला, कशाकशाची भीती, सगळं. लग्नं चार नंबरच्या खिडकीवर लागत. सातपुतेभाऊ नावाचे कारकून दोन्ही चौकोन निवडून मर्जचं बटण दाबत. मग पडद्यावर इशारा उमटे आणि सातपुतेभाऊ तो खड्या आवाजात वाचत, "सावधान! डाव्या चौकोनातला मजकूर तेवढा राहील." पहिला शब्द कानावर पडताच वऱ्हाडी अक्षता टाकत, सनई वाजू लागे, आणि त्या गलक्यात सातपुतेभाऊ ओके दाबून मोकळे होत. पुढचं वाक्य सहसा कुणाला ऐकू जात नसे.

यामिनी ढोबळेचं लग्न अकरा दिवसांवर आलं होतं. ती माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. मुलगा, निनाद वाकचौरे, गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला होता. तो तिनंच पसंत केला होता आणि तिला मनापासून आवडत होता. तरी मर्जची भीती तिच्या मनात बसली होती, आणि ती बसली केळवणाच्या दिवशी.

त्या दिवशी पानावर बसल्याबसल्या आईनं आपल्या एक्केचाळीस धावांची गोष्ट सांगितली. अकरावीत असताना तालुक्याच्या संघाविरुद्ध तिनं शेवटच्या चेंडूवर षटकार मारला होता आणि चेंडू पिठाच्या गिरणीत गेला होता. बाबा मान डोलवत होते. गोष्ट अर्थात बाबांची होती, आईनं जन्मात बॅट धरली नव्हती. यामिनीनं ही गोष्ट पन्नासदा ऐकली होती, पण त्या दिवशी तिनं हातातला घास पानात ठेवला. तिनं आईला विचारलं की लग्नाआधी तुला कुठली भाजी आवडायची. आई थोडा वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "शेपू." शेपू बाबांना आवडायची.

आईच्या जुन्या चौकोनातली एकच गोष्ट यामिनीला ठाऊक होती, तीही गजामामामुळे. मामा सांगायचा, तुझी आई ओढ्याच्या काठावर उभी राहून दोन्ही करंगळ्या तोंडात घालायची आणि अशी शिट्टी मारायची की पलीकडच्या माळावरची गुरं आपणहून माघारी फिरायची. आईला यातलं काही आठवत नव्हतं. मामानं ती शिट्टी यामिनीला नवव्या वर्षी शिकवली. मामा बिनलग्नाचाच गेला, त्यामुळे त्याचा चौकोन कुणाकडे आला नाही. आता ती शिट्टी अख्ख्या गावात एकट्या यामिनीच्या चौकोनात होती, आणि तो चौकोन उजवा होता.

दुसऱ्याच दिवशी तिनं नाईकवाडी बाईंच्या वर्गात नाव घातलं. बाईंची पूर्वी टायपिंगची संस्था होती, आता त्या शीट शिकवायच्या. वय साठीच्या पुढे, स्वभाव तिखट, आणि त्यांचा स्वतःचा चौकोन अजून एकट्याचाच होता. यामिनीनं आपली अडचण सांगितली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. इतक्या वर्षांत एकीनंही हे विचारलं नव्हतं, जी ती मेंदीची पुस्तकं चाळत बसते, असं त्या म्हणाल्या आणि लगेच शिकवायला बसल्या.

पहिला दिवस बरोबरच्या (=) चिन्हात गेला. ते आधी टाकलं नाही तर शीट आपलं म्हणणं नुसतं लिहून घेते, करत काहीच नाही. दुसऱ्या दिवशी दोन चौकोनांतला मजकूर तिसऱ्यात जोडायचं चिन्ह आलं. सरावाला भाज्या होत्या. यामिनीनं कोथिंबीर आणि मेथी जोडली, तर पडद्यावर कोथिंबीरमेथी आलं. कोथिंबीर कुठं संपली आणि मेथी कुठं सुरू झाली ते कळेना. हीच चूक लग्नाच्या चौकोनात झाली असती तर?

"मध्ये रिकामी जागा ठेवायची," बाई म्हणाल्या. "शीट आपल्या मनानं ठेवत नाही. आपल्यालाच अवतरणात घालून मागावी लागते."

ती मागायला यामिनी शिकली. चौथ्या दिवशी मजकुराची लांबी मोजायचं सूत्र आलं आणि तिथं सगळं अडलं. एका चौकोनात बत्तीस हजार सातशे सदुसष्ट अक्षरं मावतात, त्यावर एकही नाही. यामिनीची अठरा हजार दोनशे बारा भरली. निनादच्या चौकोनाची नक्कल तिनं रीतसर अर्ज करून आणवली, त्यात पंधरा हजार आठशे त्रेसष्ट होती. मधली एक रिकामी जागा धरून बेरीज केली तर तेराशे नऊ अक्षरं जास्त होत होती. तिनं तीनदा बेरीज केली. तीनदा तेवढीच आली.

शिवाय डाव्या चौकोनात दुरुस्ती करायची तर ती डाव्या चौकोनवाल्यानंच करायची, असा नियम होता. म्हणजे सगळी भिस्त निनादवर.

बसस्थानकामागच्या रसवंतीत तिनं त्याला बोलावलं आणि सगळं समजावून सांगितलं. निनाद ग्लासातल्या बर्फाकडे बघत ऐकत होता. आजवर त्याच्या मनात याविषयी कधी काही आलंच नव्हतं. ज्याचं काही जायचं नसतं त्याच्या मनात कशाला येईल?

"म्हणजे माझ्यातलंही काही जाणार?" त्यानं विचारलं.

"दोघांतलं मिळून तेराशे नऊ."

"तेराशे नऊ म्हणजे माणसातलं किती?"

यामिनीनं विचार केला. "एखादी सुट्टी. किंवा एखादा फारसा ओळखीचा नसलेला माणूस."

निनाद रस अर्धा ठेवून उठला. गाय अडली आहे, जायला हवं, असं म्हणाला. मग दोन दिवस त्याचा फोन आला नाही. यामिनी प्रयोगशाळेत एकाच नमुन्याची माती चारदा तपासत राहिली. घरी पत्रिका वाटून होत आल्या होत्या. आपण मागू नये ते मागितलं, असं तिला जेवताना वाटे, आणि मागितलं त्यात काय चुकलं, असं आंघोळ करताना.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतः प्रयोगशाळेत आला. हातात स्वतःच्या चौकोनाची छापील प्रत होती आणि एका परिच्छेदाभोवती पेनानं रेघ मारलेली. सातवीत असताना चुलतभाऊ सुहासनं त्याचा कॅरमचा स्ट्रायकर नेला होता आणि नेलाच नाही म्हणून शपथ घेतली होती. तेव्हापासून निनाद त्याच्याशी बोलत नव्हता. हे सगळं सातशे बारा अक्षरांत होतं आणि त्यातला शब्दन् शब्द निनादला प्रिय होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"हे काढलं तर मी त्याच्याशी का बोलत नाही, ते मला आठवणार नाही," तो म्हणाला.

"मग बोलशील."

निनादनं मान हलवली आणि कागद तिच्याकडे दिला. उरलेली पाचशे सत्त्याण्णव यामिनीनं आपल्यातली काढली. बाईंनी तिला दुबार नोंदी हुडकायला शिकवलं होतं. घरातून निघताना गॅस बंद केला का, ही एकच काळजी तिच्या चौकोनात चार ठिकाणी लिहिलेली सापडली. तीन काढल्या, एक ठेवली. बेरीज बरोबर जुळली.

तरी एक गोष्ट राहिली होती, आणि बाईंनी ती सर्वांत शेवटी सांगितली. जोडून आलेला मजकूर हा सूत्राचा असतो. त्यातलं यामिनीचं सगळं तिच्या उजव्या चौकोनाकडे बघूनच तिथं दिसतं. उजवा रिकामा झाला की तेही गेलं. म्हणून जोडल्यानंतर ते सगळं उचलायचं आणि पुन्हा त्याच जागी चिकटवायचं, पण चिकटवताना 'फक्त मूल्यं' हा पर्याय निवडायचा. मग ते कुणावर अवलंबून राहत नाही. नुसतं चिकटवलं तर सूत्रच चिकटतं. दिसायला दोन्ही सारखंच.

हे करणं निनादच्या हातात होतं. यामिनीनं त्याला फोनवर तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "केलंय गं." त्या 'गं'नं तिला चार दिवस घोर लावला. निनाद चांगला होता, पण कामाच्या घाईत कशालाही हो म्हणायचा. स्वतः बघावं म्हटलं तर दुरुस्तीचा पेनड्राइव्ह नियमाप्रमाणे पाकिटात घालून, वर लाख लावून जमा झाला होता.

लग्नाच्या दिवशी सकाळी दहा वाजता चार नंबरच्या खिडकीपुढे दीडशे माणसं अक्षता घेऊन उभी राहिली. सातपुतेभाऊंनी पाकीट फोडलं, दुरुस्ती वाचली, डावा चौकोन भरला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"वधूचा मजकूर आता दोन्हीकडे आहे," ते म्हणाले. "एक माणूस दोन चौकोनांत चालत नाही. उजवा रिकामा करावा लागेल, आणि तो वधूनं आपल्या हातानं करायचा."

त्यांनी कीबोर्ड खिडकीतून बाहेर सरकवला. पडदा त्यांच्याकडेच होता. यामिनीनं निनादकडे पाहिलं. निनादनं मुंडावळ्यांआडून मान डोलावली, कशालाही डोलवायचा तशीच. यामिनीनं डिलीट दाबलं.

यानंतरच्या मिनिटाचं यामिनीला काहीच सांगता येत नाही, म्हणून ते तिच्या आईनं पाहिलं तसं सांगायला हवं. यामिनीचा हात कीबोर्डवर तसाच राहिला. चेहरा धुवून पालथ्या घातलेल्या ताटासारखा झाला. बाबांनी हाक मारली तर तिनं वळून पाहिलं नाही. निनादनं हळूच तिच्या कोपराला हात लावला, तेव्हा तिनं परक्या माणसाला वाट द्यावी तशी बाजूला सरकून त्याला जागा दिली. निनादचा चेहरा पांढराफटक पडला. आपण फक्त मूल्यं चिकटवली होती की नुसतंच चिकटवलं होतं, ते त्याला आठवेना. त्या दिवशी खरंच एक गाय अडली होती.

सातपुतेभाऊंनी दोन्ही चौकोन निवडले आणि मर्ज दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही. सातपुतेभाऊ थांबले. दीडशे मुठी वर उचललेल्या होत्या. सनईवाल्यानं सनई ओठाला लावून श्वास रोखून धरला होता. सातपुतेभाऊंनी चष्मा पुसला, खणातून नियमावली काढली आणि बोट फिरवत एक पान वाचलं.

"मर्ज झालेलं आहे," ते म्हणाले. "पण सावधान आलेलं नाही. उजवा चौकोन रिकामा होता, म्हणून. सावध करण्यासारखं काही नाही, असं दिसतं."

वऱ्हाडात कुजबुज झाली. सावधानशिवाय अक्षता टाकायच्या कशा? कुणीतरी म्हणालं, तोंडीच म्हणून टाका. सातपुतेभाऊ म्हणाले, पडद्यावर नाही ते मला वाचता येणार नाही, बावीस वर्षांत वाचलेलं नाही. वर धरलेले हात दुखायला लागले, पण खाली कुणी घेईना. यामिनी कीबोर्डकडे बघत उभी होती. निनादनं तिच्याकडे पाहिलं. मग, आपण काय करतो आहोत ते त्याचं त्यालाही नीट कळायच्या आत, त्यानं मुंडावळ्या बाजूला केल्या, दोन्ही करंगळ्या तोंडात घातल्या आणि शिट्टी मारली.

शिट्टी काही फार चांगली नव्हती, अर्धी हवाच गेली. पण लांब गेली. दीडशे मुठी एकदम सुटल्या, सनई वाजायला लागली, आणि गुरांच्या दवाखान्याच्या आवारातल्या दोन म्हशी आणि एक पट्टी बांधलेली गाय रस्ता ओलांडून नगर परिषदेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. यामिनीनं डोळ्यांतले तांदूळ पुसले, इकडेतिकडे पाहिलं आणि निनादला विचारलं, "घरातला गॅस बंद केलाय ना?" एकदाच विचारलं. निनाद हो म्हणाला आणि त्याला रडूच कोसळलं.

सातपुतेभाऊंनी नोंद केली आणि पुढच्या लग्नाला हाक मारली. आई जवळ आली. जावयाच्या खांद्यावरच्या अक्षता तिनं एकेक करून वेचल्या आणि त्याच्या ओठांकडे बघत म्हणाली, "जावईबापू, करंगळ्या आणखी आत घ्यायच्या. आणि जीभ मागे दुमडायची."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. आई पानं मांडायला निघून गेली.