तिसऱ्या लेव्हलवरचे डॉक्टर

संमतीच्या कागदावर नेमकी कुठे सही करायची ते विचारायला वहिनी डॉक्टरांच्या खोलीकडे गेल्या त्या सव्वादहाला. परत आल्या तेव्हा पावणेअकरा होत होते आणि कागद कोराच होता.

मास्तर वॉर्डातल्या दोन नंबरच्या खाटेवर हिरवा झगा घालून बसले होते. झग्याची खांद्यावरची शिवण उसवली होती आणि कालपासून त्यांचं लक्ष तिथून हलत नव्हतं. सुटाच्या दुकानात एकतीस वर्षं कापड बेतणारा माणूस, दुसरं काय होणार. हर्नियाचं दुखणं त्यांनी दोन वर्षं पट्ट्याखाली दाबून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता आतडं कधीही अडकेल, आणि मग ऑपरेशनची वेळ तुम्ही नाही, ते ठरवेल. तेव्हा कुठे मास्तर दवाखान्यात दाखल झाले होते. बारा वाजता त्यांचा नंबर होता.

“काय म्हणाले डॉक्टर?”

“कामात होते.”

“कसल्या?”

वहिनी उशीचा अभ्रा सारखा करायला लागल्या. ही बाई उत्तर द्यायचं सोडून काहीतरी सारखं करायला लागली की कुठेतरी बिनसलंय, एवढं मास्तरांना सत्तावीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं. त्यांनी उशीच काढून घेतली.

“मोबाइलवर होते,” वहिनी म्हणाल्या. “गेम खेळत होते.”

“मग खेळू दे की. त्यांनाही विसावा हवाच.”

“खेळू दे हो. पण तो सुशीचा गेम आहे.”

सुशीचा गेम वहिनींच्या चांगलाच ओळखीचा होता. मशीनमधले कपडे पिळून होईपर्यंत त्यांचे रोज दोन डाव व्हायचे. जपानी खाण्याचं एक छोटंसं दुकान असतं. गिऱ्हाईक येऊन बसतं, त्याच्या डोक्यावर त्याला काय हवंय त्याचं चित्र येतं. मग भाताचा मुटका करायचा, बोट ओढून माशाचा काप काढायचा, तो भातावर ठेवायचा आणि ताटली पुढे सरकवायची. उशीर झाला की गिऱ्हाईकाचं तोंड आधी पिवळं होतं, मग लाल, आणि मग ते उठून चालू लागतं. वहिनींनी सुशी उभ्या आयुष्यात खाल्ली नव्हती, पण त्या बेचाळिसाव्या लेव्हलवर होत्या.

मघाशी डॉक्टर पाठमोरे बसले होते म्हणून त्या दारातच थांबल्या होत्या. डॉक्टरांचं डोकं मध्ये येत असल्यामुळे अर्धाच पडदा दिसत होता, पण त्या अर्ध्यात गिऱ्हाइकं होती. ती एकामागून एक लाल होऊन उठून गेली. दुकान बंद पडलं. डॉक्टरांनी पुन्हा उघडलं, पुन्हा बंद पडलं. तीन डावांत पहिल्या गिऱ्हाईकाखेरीज एकाही माणसाच्या पोटात घास गेला नाही.

हे सगळं सांगायचं नाही असं वहिनींनी येताना ठरवलं होतं. पण मास्तर माणसाला बोलतं करण्यात पटाईत. माप घेता घेता ते गिऱ्हाईकाकडून सगळी कुळकथा काढून घेत.

“कितव्या लेव्हलवर आहेत?”

“तिसऱ्या.”

“तिसरी म्हणजे अवघड का?”

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. नेहमी खरं बोलायची सवय ऐन वेळी फार आडवी येते. “तिसरीला दोनच प्रकार असतात. एक माशाचा, एक काकडीचा. शेजारच्या काकूंनी चहा उकळेपर्यंत पार केली होती.”

मास्तरांनी मग धंद्यातले प्रश्न विचारले. काप तिरका जातो का, रेघ सुटते का, हात कापतो का. वहिनींनी हात बघितलाच नव्हता. अंगठा तेवढा दिसला होता. तो हलत होता, पण सावकाश.

“काकडीला एवढा वेळ,” मास्तर म्हणाले, आणि त्यांनी झग्यावरूनच पोटावर हात ठेवला.

शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर होता. त्याच्या पित्ताशयातले खडे दोन वाजता निघायचे होते, त्याच डॉक्टरांच्या हातून. तो मघापासून भिंतीकडे तोंड करून पडला होता, पण त्याचे कान इकडे होते. त्याने वहिनींकडे फोन मागितला आणि गेम पहिल्या लेव्हलपासून लावून घेतला. म्हणाला, ऐकीव गोष्टीवर जाऊ नये, आपण स्वतः करून बघावं. जन्मात गेम न खेळलेला माणूस तो, रात्रीपासून उपाशी, एका हाताला सलाईन. वीस मिनिटांत पाचव्या लेव्हलला पोचला. एकही गिऱ्हाईक लाल झालं नाही.

फोन परत देताना त्याचाच चेहरा पिवळा पडला होता.

“वहिनी, माझी पँट कुठे ठेवतात इथे, काही कल्पना?”

कोपऱ्यातल्या आजोबांचं ऑपरेशन चार दिवसांपूर्वी याच डॉक्टरांनी केलं होतं. ते खडखडीत बरे होऊन, पिशवी भरून, बूट घालून मुलीची वाट बघत बसले होते. हकीकत ऐकल्यावर त्यांनी एक बूट काढला. थोड्या वेळाने दुसरा काढला. मग उजव्या बाजूला काहीतरी ओढल्यासारखं होतंय म्हणून ते आडवे झाले आणि आत काही राहिलंय का त्याचा फोटो काढल्याशिवाय घरी जाणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. चार दिवस हे ओढणं कुठे होतं, असं ड्रायव्हरने विचारलं. आजोबा म्हणाले, चार दिवस मला माहीत नव्हतं ना.

अशा अवस्थेत मास्तरांना न्यायला ट्रॉली आली. मास्तर तोवर झग्याखाली पँट चढवून बसले होते. ते ट्रॉलीवर झोपले नाहीत. ड्रायव्हर सलाईनची बाटली हातात घेऊन दाराशी उभा होता. आजोबा कण्हत होते. ट्रॉलीवाल्याने तिघांकडे बघितलं आणि तो मोठ्या सिस्टरना बोलवायला गेला.

मोठ्या सिस्टर आल्या की वॉर्डातले पंखेसुद्धा हळू फिरतात असं म्हणत. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मास्तरांना विचारलं, “तुम्ही ऑपरेशनला आलात की जेवायला?”

“सिस्टर, मी कापणारा माणूस आहे. दुसऱ्याच्या हातात कात्री द्यायची तर हात बघून देतो. दोन वर्षं घाबरून काढली. आत्ता कुठे मनाची तयारी करून आलो होतो, ती गेली. आता घरी गेलो तर परत यायचा नाही, ते मलाही माहीत आहे.”

हे मात्र वहिनींनाही माहीत होतं. रात्री कुशीवर वळताना दात आवळून धरणारा हा माणूस आज इथून उठला, तर पुढच्या वेळी ॲम्ब्युलन्समधूनच यायचा. आणि उठायला कारण दिलं होतं त्यांच्याच जिभेने. त्यांचे डोळे भरून आले. सिस्टरनी ते पाहिलं, आणि जाऊन डॉक्टरांनाच घेऊन आल्या.

डॉक्टर उंच, किडकिडीत आणि थोडे वाकलेले. सिस्टरनी त्यांना वाटेत काय सांगितलं होतं कोण जाणे, पण त्यांचे कान लाल झाले होते. मुलीने फोनमध्ये टाकून दिलाय, ते म्हणाले. तिचं म्हणणं, बाबांनी जरा डोकं हलकं करावं. महिना झाला, तिसरी लेव्हल काही सुटत नाही. घरी थट्टा होते.

“डॉक्टर, एकदा आमच्यासमोर खेळा,” मास्तर म्हणाले.

सिस्टरनी कपाळाला हात लावला. पण डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. मास्तर एका बाजूला, वहिनी दुसऱ्या, ड्रायव्हर बाटली उंच धरून मागे, आणि आजोबा, ओढत असतानाही, टाचा उंचावून.

पहिल्या गिऱ्हाईकाला मासा हवा होता. डॉक्टरांनी बोट ओढलं. मास्तरांनी श्वास रोखला. काप असा सरळ, असा एकसारखा निघाला की मास्तरांच्या तोंडून नकळत “वा” निघून गेलं. ताटली गेली, गिऱ्हाईक खूश झालं. दुसऱ्याला काकडी हवी होती. आणि इथे डॉक्टर थांबले. त्यांनी डाव्या कोपऱ्यातला नळ दाबला. पाणी आलं. त्यांनी सुरी धुतली. मग फळी धुतली. मग चित्रातले ते दोन गुबगुबीत हात धुतले. काकडीवाला पिवळा झाला. डॉक्टर फळी पुसत होते. काकडीवाला लाल झाला, त्याच्या मागचे दोघंही लाल झाले, आणि तिघंही उठून गेले. त्यानंतर काकडीच्या सहा वड्या ताटलीत देखण्या मांडल्या गेल्या. खायला कोणीच नव्हतं. दुकान बंद.

“तो नळ दाबता येतो?” वहिनींनी विचारलं. बेचाळीस लेव्हल त्यांनी तो शोभेचा समजला होता.

“हो. पाणी येतं की.”

मास्तर पुढे वाकले. “नाही धुतलं तर मार्क कापतात?”

“नाही.”

“धुतलं तर जास्तीचे मिळतात?”

“तेही नाही.”

“मग धुता कशाला?”

डॉक्टरांना प्रश्नच कळला नसावा. ते आळीपाळीने सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. “सुरीला आधीच्याचा मासा लागलेला असतो ना. आणि हा माणूस काकडी मागतोय.”

वहिनींनी आपला फोन हळूच पर्समध्ये सरकवला. आजवर त्यांनी हजारेक लोकांना एकाच सुरीने वाढलं होतं.

मास्तरांच्या दुकानाचा मालक गेली एकतीस वर्षं त्यांना एकच ऐकवत आला होता. मास्तर, तुम्ही खडू दोनदोनदा मारत बसता आणि माझं गिऱ्हाईक जातं. मास्तर त्यावर कधी काही बोलले नव्हते. आज ते खाटेवरून उठले, पडद्याआड जाऊन पँट काढून आले आणि आपणहून ट्रॉलीवर झोपले.

“अगं, तो कागद आण इकडे,” ते म्हणाले. “आणि पेन बघ.”

सही झाली. ट्रॉली गेली. आजोबांचं ओढणं थांबलं आणि ते परत बुटांकडे वळले. ड्रायव्हरने बाटली आपल्या हाताने खुंटीला अडकवली आणि दोनची वाट बघत पडून राहिला.

एक वाजला. दीड वाजला. दोन वाजले, तरी ऑपरेशन थिएटरचा दिवा चालूच. वहिनी बाकावर पदराचं टोक पिळत होत्या. सिस्टर बाहेर आल्या तेव्हा वहिनींनी बसल्या जागेवरूनच कसं चाललंय म्हणून विचारलं. सिस्टर म्हणाल्या, काळजी करू नका, छान चाललंय, हे डॉक्टर असेच आहेत. पाऊण तासाचं काम यांच्याकडे दोन तास. वहिनींनी पदर सोडला आणि पहिल्यांदा भिंतीला पाठ टेकली.

मास्तर खाटेवर परत आले तेव्हा तीन वाजून गेले होते. जीभ जड होती, डोळे अर्धेच उघडत होते. वहिनींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. दुखतंय का, तहान लागली का, ओळखलंत का, सगळं विचारून झालं. मास्तरांना दुसरंच काही जाणून घ्यायचं होतं.

“किती... वेळ लागला?”

“दोन तास वीस मिनिटं.”

मास्तरांच्या चेहऱ्यावर, गेल्या दोन वर्षांत वहिनींना दिसलं नव्हतं असं, निवांत समाधान पसरलं. त्यांनी वहिनींचा हात धरला आणि ते गाढ झोपी गेले.

शेजारच्या खाटेवरून ड्रायव्हरने सिस्टरना हाक मारली. त्याचा नंबर आता उद्या सकाळवर गेला होता, रात्रीपासून पोटात काही नव्हतं, आणि त्याचा चेहरा चांगलाच लाल झाला होता. पण पँट कुठे ठेवली आहे हे त्याने विचारलं नाही. आज निदान पेज तरी मिळेल का, एवढंच विचारलं.