भरमाप्पाची उलटी उडी

मर्दानी खेळात भरमाप्पाचा हात धरणारा कसबा बावड्यात कुणी नव्हता. अडत होतं ते एकाच ठिकाणी. हातात दांडपट्टा घेऊन त्यानं मागं उलटी उडी मारली, की तो पायांवर न येता धप्पकन बुडावर बसायचा. तालमीचे वस्ताद अप्पा ओरडून ओरडून थकले. शेवटी त्यांचा पुतण्या नृसिंह पुढं सरसावला. तो कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा.

"काका, उडीत नेमकं काय चुकतं ते डोळ्याला दिसत नाही. आपण तिची फिल्म काढू आणि सावकाश बघू."

"सावकाश उडी मारली तर पडंलच की त्यो!" अप्पा म्हणाले.

नृसिंहनं एका स्टुडिओतल्या ओळखीच्या माणसाकडून छोटा कॅमेरा आणि प्रोजेक्टर मिळवला. भरमाप्पाला मनसोक्त पाडून घेतलं. फिल्म धुऊन आल्यावर भर दुपारी तालमीच्या खिडक्यांना घोंगडी लावली आणि भिंतीवर चित्र थांबवत थांबवत त्यानं कोळशानं डोकं, कंबर, गुडघे आखून घेतले. दोष लगेच सापडला.

"बघ, पाय जमिनीवर असतानाच तू मान मागं टाकतोस. आधी सरळ वर उडायचं, मग मान."

"आयला, मागनं असा दिसतो व्हय मी?" भरमाप्पा हरखून म्हणाला.

पुन्हा दाखवायला नृसिंहनं फिल्म मागं फिरवली. प्रोजेक्टरचा दिवा मात्र बंद करायचा राहिला. भिंतीवर बुडावर बसलेला भरमाप्पा बसल्या जागेवरून हवेत उडाला, गरकन फिरला आणि अलगद पायांवर उभा राहिला. नेमके त्याच वेळी दारात गडहिंग्लजचे रेवणसिद्ध उभे होते. जत्रेतल्या खेळाचं आमंत्रण द्यायला आले होते.

"शिवा शिवा! बसल्या जागंवरनं?" ते ओरडले. "अप्पा, जत्रंत हीच उडी पायजे!"

"अहो, ती फिल्म उलटी..." नृसिंह सांगू लागला.

"उलटी उडीच म्हणतोय की मी बी!"

अप्पांनी नृसिंहला कोपर मारलं. गडहिंग्लजचं आमंत्रण तालमीला पहिल्यांदाच आलं होतं.

रेवणसिद्धांनी तिकडं जीपवर कर्णा लावून बसल्या जागेवरून उडणाऱ्या गड्याचा गावोगाव पुकारा केला.  इकडं भरमाप्पा रोज कोळशाच्या रेघांसमोर उड्या मारत होता. गुपचूप बसून उडायचाही प्रयत्न त्यानं करून पाहिला. त्यात कंबर तेवढी धरली.

जत्रेत मुंगी शिरायला जागा नव्हती. हलगी कडाडली.

"मास्तर, बसू का उभा ऱ्हाऊ?" भरमाप्पानं हळूच विचारलं.

"उभाच राहा. आणि मान सांभाळ."

भरमाप्पा उडाला. सरळ वर गेला, फिरला आणि दोन्ही पायांवर खणखणीत उतरला. आयुष्यात पहिल्यांदा! अप्पांनी फेटा उडवला. नृसिंहच्या डोळ्यांत पाणी आलं.

मैदान मात्र गप्प होतं.

"ह्यो तर आधीपास्नंच उभा हुता की!" कुणीतरी म्हणालं.

रेवणसिद्ध तरातरा नृसिंहकडं आले. "काय हे मास्तर? तालमीत किती झ्याक करत हुता. शिकवून बिघडवलासा की त्याला!"

पुढच्या वर्षी आमंत्रण एकट्या नृसिंहला आलं, मशीन घेऊन या म्हणून. देवळाची भिंत चुन्यानं पांढरीशुभ्र रंगवून ठेवली होती. लोकांनी उलटी फिल्म पुन्हा पुन्हा लावायला लावली. हौसेनं सोबत आलेला भरमाप्पा पुढंच बसून सगळ्यांत जोरात शिट्ट्या मारत होता.

खेळ संपल्यावर तो नृसिंहजवळ आला आणि भिंतीकडं बघून मान हलवत म्हणाला, "भारी गडी हाय, मास्तर. आपल्याला न्हाय जमायचं."