साबण, आशा आणि दोर

शिकलेल्या गोष्टीचा अर्थ माणूस विसरतो, पण तिची चाल विसरत नाही. या एका सत्यावर जगातल्या बऱ्याच शाळा, काही राज्यकारभार आणि एक चार मजली हॉटेल उभं आहे. शाळा आणि राज्यकारभार यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. हॉटेलकडे मात्र अभ्यासकांचं दुर्लक्षच झालं.

या हॉटेलात परदेशी पाहुणे उतरत. ते इंग्रजी बोलत आणि नोकरवर्ग मान डोलवत असे. नुसती मान डोलवून पाहुण्याला टॉवेल मिळत नाही, हे मालकांच्या लक्षात यायला काही वर्षं गेली. मग त्यांनी सगळ्यांना इंग्रजी शिकवण्याचं काम आपल्या मेहुण्यांवर सोपवलं. (मालकाचा मेहुणा ही जागा कोणत्याही संस्थेत रिकामी राहत नाही आणि तिची जाहिरातही द्यावी लागत नाही.) मेहुणेसाहेबांचं स्वतःचं इंग्रजी लहानपणी, आंघोळीच्या वेळी, वडिलांनी तांब्यावर ताल धरून पाठ करून घेतलेलं होतं. होप म्हणजे आशा, रोप म्हणजे दोर, स्लोप म्हणजे उतार, सोप म्हणजे साबण. ही ओळ त्यांना झोपेतसुद्धा येत असे आणि बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्यांना ती झोपेतच जास्त चांगली येत असे.

तर या पद्धतीने सगळं हॉटेल इंग्रजी शिकलं. भिंतींवर यमकांचे तक्ते लागले. सकाळी नाश्त्याआधी सगळे लॉबीत उभं राहून ओळी म्हणू लागले. पाहुण्याने काही मागितलं की नोकराने ती ओळ पहिल्या शब्दापासून अर्थासह म्हणायची, मागितलेल्या शब्दाशी थांबायचं आणि वस्तू आणायला जायचं. यात थोडा वेळ जाई खरा, पण पाहुण्यांना तो स्वागताचाच भाग वाटे आणि काही जण टाळ्याही वाजवत.

पुढची पायरी ओघानेच आली. शब्द ज्या क्रमाने डोक्यात, त्याच क्रमाने वस्तू कपाटात असतील तर शोधाशोध वाचेल, असं मेहुणेसाहेबांच्या मनात आलं आणि त्यांनी कोठीची खोली यमकानुसार लावून घेतली. एका फळीवर साबण आणि दोर. दुसऱ्या फळीवर मॅट, हॅट आणि बॅट. शेजारी रॅटचा खाना, वस्तू उपलब्ध नसल्यामुळे मोकळा ठेवलेला. (तो आठवड्याच्या आत आपोआप भरला.) मग माणसंही यमकानुसार लावली. बेड आणि ब्रेड एकाच चादरीवाल्याकडे आले, त्यामुळे गाद्या ताज्या आणि पाव उबदार मिळू लागला, किंवा उलट. लाइट आणि फाइट यमकात बसत असल्याने दिवे दुरुस्त करणाऱ्या वीजवाल्यालाच पाहुण्यांची भांडणं सोडवायला पाठवत. तो जाऊन खोलीतला दिवा घालवत असे आणि भांडण खरोखरच मिटत असे. बिल आणि पिल एकत्र आल्यापासून बिलाबरोबर डोकेदुखीची गोळी मिळते. ही सोय याहून मोठ्या हॉटेलांतही नाही.

ज्या शब्दांना यमक सापडलं नाही ते अर्थातच अनावश्यक ठरले. ऑरेंज नाश्त्यातून गेलं. मंथ हा शब्दच नसल्यामुळे पगार कधी होणार हे कुणाला विचारता येईना आणि कार्यालयातली कटकट कमी झाली. वर्षअखेर घेतलेल्या पाहणीत शेकडा ब्याण्णव पाहुण्यांनी समाधान व्यक्त केलं. (उरलेल्या आठांनी टॉवेल मागितला होता. टॉवेलला मेहुणेसाहेबांना यमक सापडलेलं नाही.)

अशा या सुरळीत चाललेल्या संस्थेत काउंटरवर एक मुलगी नेमली गेली. सगळे तिला काउंटरताई म्हणू लागले. ताईला इंग्रजी येत होतं.

इतर कुठे हा दोष खपून गेला असता. पण पहिल्याच दिवशी एका पाहुणीने साबण मागितला आणि ताईने "शुअर मॅडम, सोप" एवढंच म्हणून तो काढून दिला. चादरीवाल्याच्या हातातला पाव खाली पडला. संध्याकाळी ताईच्या हातात समजपत्र पडलं: 'आपण आज सोप हा शब्द होप, रोप व स्लोप यांना डावलून थेट उच्चारल्याचे निदर्शनास आले आहे. मधूनच शब्द उचलणे हे शिस्तीस धरून नाही.'

ताईने मेहुणेसाहेबांकडे जाऊन सांगून पाहिलं.

"साहेब, पण त्यांना साबणच हवा होता."

"आज साबण हवा होता," मेहुणेसाहेब समजुतीने म्हणाले. "उद्या दोर हवा असला तर? परवा आशा? पाया पक्का नको का, बाळ?"

ताई काउंटरवर परतली, कारण तिला नोकरी टिकवणं भाग होतं. तिची पहिली कंपनी बंद पडली होती आणि दुसरी दुसऱ्या शहरात निघून गेली होती. इथे ती तात्पुरती होती. कायम व्हायचं तर तोंडी परीक्षा द्यायची आणि सगळ्या ओळी म्हणून दाखवायच्या. घरी आईने तर आधीच शेजारीपाजारी सांगून टाकलं होतं, "आमची आता कायम झाल्यातच जमा आहे." ही नोकरी गेली तर आईला तोंड कसं दाखवायचं, एवढा एकच प्रश्न तिच्यासमोर होता आणि त्याला कोणतंही यमक लागू नव्हतं.

तेव्हा ती पाठ करायला लागली. सुरुवातीला मनातल्या मनात हसत, मग नाइलाजाने, मग भाजी निवडताना, केस विंचरताना, बस येईपर्यंत. चहावाले काका तिच्याकडून ओळी घोकून घेत. काकांकडे की, टी, बी, सी, नी ही ओळ होती, म्हणजे किल्ली, चहा, मधमाशी, समुद्र आणि गुडघा. त्यामुळे हॉटेलातल्या सगळ्या किल्ल्या चहाच्या कपाटात चहापत्तीच्या डब्याशेजारी टांगलेल्या असत आणि गुडघ्याला लावायचं तेलही तिथेच असे. समुद्राची सोय होऊ शकली नव्हती.

"पोरी, डोकं मधे आणू नकोस," काका सांगत. "जीभ पुढे सोड, डोकं मागाहून येतंच."

"आणि नाही आलं तर?"

"तर काय बिघडतं? माझं कुठे आलंय?"

परीक्षेच्या दिवशी परदेशी पाहुण्यांचा मोठा जथा लॉबीत सामानासकट बसला होता. नोकरवर्ग रांगेत उभा होता. मेहुणेसाहेब प्रश्नपत्रिका आणायला कोठीत गेले आणि वाऱ्याने दार त्यांच्यामागे खाडकन लागलं. त्या दाराला आतून मूठ नव्हती. ते बाहेरूनच, किल्लीने उघडायचं.

आता दुसरा कुणी असता तर "दार उघडा रे!" म्हणून ओरडला असता. पण पाहुण्यांच्या कानावर ओळीबाहेरची मराठी पडू द्यायची नाही, हा नियम मेहुणेसाहेबांनी स्वतः केला होता आणि ते नियमाचे पक्के होते. त्यांनी आतून दारावर थाप मारली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "क्लॉक म्हणजे घड्याळ! ब्लॉक म्हणजे ठोकळा! रॉक म्हणजे खडक! सॉक म्हणजे मोजा! लॉक म्हणजे कुलूप!"

बाहेर सगळ्यांना परीक्षा सुरू झाल्यासारखं वाटलं. साहेब आज आतून घेताहेत, म्हणजे कॉपी करायला वाव नको म्हणून असणार, असा तर्क वीजवाल्याने केला आणि तो सर्वांना पटला. रांगेने एका सुरात उत्तर दिलं, "क्लॉक म्हणजे घड्याळ! ब्लॉक म्हणजे ठोकळा!" साहेबांनी आणखी जोरात म्हटलं. रांगेनेही आवाज चढवला. साहेबांनी दारावर दोन्ही मुठी आपटल्या. चादरीवाल्याने तो ताल बरोबर पकडला आणि काउंटरवर वाजवायला घेतला. पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवू लागले. एक आजोबा तर फोन वर धरून सगळं टिपू लागले.

ताईच्या मात्र दुसऱ्याच फेरीला लक्षात आलं. आवाजात आता शिकवणं उरलं नव्हतं, गयावया होती. साहेब 'लॉक'पाशी येऊन रडकुंडीला येत होते आणि पुन्हा घड्याळापासून सुरुवात करत होते. कोठीला खिडकी नव्हती. ताईला त्यांची दया आली आणि रागही आला, आणि दोन्हींच्या वर भीती होती. गप्प उभी राहिली असती तर तिचं काहीच बिघडलं नसतं. रांग मोडून किल्ली मागायची म्हणजे मधूनच शब्द उचलायचा, तोही परीक्षेत, सगळ्यांदेखत. कायम होण्यावर पाणीच सोडायचं. आई डोळ्यांसमोर आली. पण आतून पुन्हा मोज्यापर्यंत आलेला आवाज चिरकला आणि ताई रांगेतून निघाली. नोकरी गेली खड्ड्यात, ती मनाशी म्हणाली.

ती चहाच्या कपाटापाशी असलेल्या चहावाल्या काकांसमोर जाऊन उभी राहिली, कोठीच्या दाराकडे बोट केलं आणि तोंड उघडलं. किल्ली द्या, एवढंच तिला म्हणायचं होतं. मराठीत म्हणायचं होतं. शब्द समोर दिसत होता, किल्ली समोर टांगलेली होती. आणि तिच्या तोंडून निघालं:

"नी म्हणजे गुडघा, सी म्हणजे समुद्र, बी म्हणजे मधमाशी, टी म्हणजे चहा, की म्हणजे किल्ली."

तिने थांबायचा प्रयत्न केला होता. जीभ थांबली नाही. आणि ओळ संपल्याबरोबर किल्ली काकांच्या हातातून तिच्या हातात आली, एका क्षणाचाही विलंब न होता. पद्धत कशी काम करते याचं याहून चांगलं प्रात्यक्षिक कुणी मागून दाखवावं.

दार उघडलं. मेहुणेसाहेब घामाने निथळत, एका हातात प्रश्नपत्रिका आणि दुसऱ्या हातात आधारासाठी धरलेला दोर घेऊन बाहेर आले. त्यांचे डोळे भरून आले होते. सुटकेमुळे नव्हे.

"उलट ओळ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "शेवटून सुरुवातीला! एवढ्या गोंधळात! मी आतून ऐकलं."

ताई तिथल्या तिथे कायम झाली. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं, काकांनी चहा पाजला, आणि तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला, याचंच तिला घरी जाताना थोडं रडू आलं.

घरी आई दारातच कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"अगं, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस? सकाळपासून सगळं घर पालथं घातलं मी."

"चहाच्या डब्यात."

"चहाच्या डब्यात? किल्ली?"

"मग कुठे असणार आई?" ताई म्हणाली, कायम झाल्याची बातमी दिली आणि आत गेली.

आईने डबा उघडला. किल्ली होतीच. आईने किल्लीवरची चहापत्ती झटकली, आणि पोरगी कायम झाली होती, तेव्हा ती शेजारी सांगायला निघाली.

ही हकिगत ऐकून काही वाचकांना हसू येईल. त्यांनी अवश्य हसावं. डोकं मागे ठेवून जीभ पुढे सोडणारी माणसं वेगळी असतात आणि आपण वेगळे, असं वाटण्यात मोठं समाधान आहे. हसून झाल्यावर त्यांनी फक्त एवढं सांगावं, की तेरा सत्ते किती होतात. तेरा एकेपासून सुरुवात न करता.

ओठ हलले असतील, तर ताई कायम झाल्यामुळे काउंटरवर तात्पुरती एक जागा रिकामी आहे. येताना टॉवेल घरूनच आणावा.