पहिला खंड बेपत्ता

"घारीची दृष्टी, वस्ताऱ्याची बुद्धी आणि उपजत विनय," अशी स्वतःची ओळख करून देणारे शशिधर पट्टणशेट्टी हे, त्यांच्याच मते, कोल्हापुरातील सर्वश्रेष्ठ गुप्तहेर होते. लक्ष्मीपुरीतील धान्याचे दुकान हे त्यांचे केवळ वेषांतर. हेरगिरीच्या अभ्यासासाठी १९९८ साली त्यांनी एका जुन्या फ्रेंच कादंबरीचा इंग्रजी अनुवाद हाती घेतला. त्यात नायिका जिना उतरेपर्यंत वाचकाची दोन जेवणे होत. अनुवादकाने काही फ्रेंच वाक्ये तशीच ठेवली होती. तेथे शशिधर तर्काने अर्थ लावीत. परिणामी त्यांच्या वाचनात मूळ कादंबरीपेक्षा एक खून अधिक झाला होता.

पहिल्या खंडाच्या अखेरीस कादंबरीतल्या सरदारीणबाईंनी विषाचा पेला ओठांशी नेला होता. पुढची हकिकत दुसऱ्या खंडात, आणि हे दोन्ही खंड कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या संयोगिताबाईंचे. त्यांचा नियम असा, की पहिला परत मिळाल्याखेरीज दुसरा द्यायचा नाही. आज खंडेनवमीच्या दुपारी त्या दुसरा घेऊन येणार होत्या आणि तशाच चंदगडला माहेरी जाणार होत्या. आणि नेमका पहिला खंड बेपत्ता होता. शशिधरांचे भिंगसुद्धा.

"भिंगाने शोध लागू नये म्हणून भिंगच नेले," शशिधर म्हणाले. "चोर विद्वान आहे."

"विद्वान मानूस तुमच्या घरात कशाला शिरंल, अण्णा?" बाळासो म्हणाले. ते शेजारचे सायकल दुरुस्तीवाले, आणि हेरगिरीत शशिधरांचे मदतनीस.

"आपण आज मोकळे कसे?"

"पान्हं, पक्कड, समदं पूजंला मांडलंय. दुकान बंद हाय."

सणाच्या दिवशी हत्यारांविना हिंडणारा इसम. शशिधरांनी पहिला संशयित मनात मुक्रर केला आणि मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला.

"अव्वा, घरात कोणी परके आले होते?"

"माझा हात पुरणात हाय. तू सकाळी पूजा केलीस न्हवं?" त्यांच्या आई बसव्वा म्हणाल्या.

"केली. डोळे मिटून, एकाग्र चित्ताने."

"मग जा की."

शशिधर बाहेर आले ते नवा सिद्धांत घेऊनच. "हे सरदारीणबाईंना विष देणाऱ्या घराण्याच्या वारसांचे काम आहे."

"फ्रान्सवरनं? कोल्हापुरात?"

"मुंबईमार्गे."

एवढ्यात संयोगिताबाई रिक्षातून उतरल्या. शशिधरांनी त्यांच्याकडे बोट रोखले. "पुस्तक आपणच पळवलेत, बाई. दुसरा खंड द्यावा लागू नये म्हणून."

"असं? मी देवाला नमस्कार करून येते. तोवर बेड्या काढून ठेवा."

क्षणभराने आतून हाक आली. "पट्टणशेट्टी, इकडे या. आणि डोळे उघडे ठेवून या."

देवघरापुढील पाटावर तराजू होता, मापे होती आणि मधोमध हळदकुंकू लावलेला, झेंडूत बुडालेला पहिला खंड होता. वर भिंग. सकाळी त्याला उदबत्ती शशिधरांनीच ओवाळली होती.

"तू हेर हाय म्हणतोस न्हवं? मग नुसता तराजूच मांडू व्हय?" बसव्वा म्हणाल्या.

शशिधरांचा हा दावा आजवर कोणीच मान्य केला नव्हता. त्यांनी खंडाकडे हात नेला, तो बसव्वांनी चापट मारून परतवला.

"उद्या उचलायचं."

"मग दुसराही उद्याच," संयोगिताबाई म्हणाल्या. "पण उद्या मी चंदगडला असेन."

"बाई, ती पिशवी द्या हिकडं." बसव्वांनी दुसरा खंड काढला, त्याला कुंकू लावले आणि तो पहिल्यावर ठेवून दिला. "दोनी तुमचीच, दोनी देवापुढं. नियम कुठं मोडला?"

पूजेतले पुस्तक उचलून नेण्याचे धैर्य इंग्रजीच्या प्राध्यापिकेतही नव्हते. त्या पुरणपोळ्या घेऊन एसटीकडे निघाल्या.

शशिधर मात्र पाटासमोर मांडी घालून बसले. सरदारीणबाई जगल्या की गेल्या, हे हाताच्या अंतरावर होते.

"अण्णा, पुस्तक घावलं की. आता पहारा कशाला?" बाळासोंनी विचारले.

"आता हे चोरील असा एकच इसम या घरात आहे," शशिधर खालच्या आवाजात म्हणाले. "बाळासो, मला एकटे सोडू नका."