ज्याचं कुलूप, त्याचीच किल्ली

शनिवारी दुपारी साडेबाराला ज्ञानेश्वरीचा कॉम्प्युटर तापून आपणहून बंद पडला, तेव्हा सरावलीच्या त्या घरात सगळ्यांत मोठा अपमान झाला तो तिच्या वडिलांचा. भगवंतरावांनी तारापूरच्या एका केमिकल कंपनीत एकतीस वर्षं कूलिंग टॉवर सांभाळला होता. अख्खा प्लांट थंड ठेवला, आणि निवृत्तीनंतर त्यांच्याच घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, हातभर खोका तापून बंद पडतो म्हणजे काय!

ज्ञानेश्वरीला तेवढा वेळ रागवायलाही नव्हता. पालघरच्या एका बिल्डरसाठी ती न बांधलेल्या फ्लॅटमधून फिरवून आणणारी फिल्म बनवत होती. पाचच्या आत पोचली तर त्याचं कायमचं काम मिळणार. नाहीतर सोमवारपासून वडिलांनी जुन्या साहेबांना गळ घालून ठरवलेली पॅकिंगमधली नोकरी. वेळ पुरावा म्हणून तिने चिपचा वेग कंपनीने नेमून दिलेल्यापेक्षा वाढवला होता, आणि शंभर अंशांना मशीनने मान टाकली होती.

"कुणाला इचारून वाढवला?" भगवंतरावांनी विचारलं.

"विचारायचं काय त्यात, पप्पा? सगळे वाढवतात."

"आन् थंड करायचं कुनी? सगळ्यांनी?"

काम त्यांनी ताब्यात घेतलं. मशीन उघडायचं तर आधी वीज तोडायची, तोडलेल्या जागी कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवायची. कुलूप लावणाऱ्यानेच काढायचं, इतर कोणी नाही. या नियमामुळे त्यांच्या पाळीत कधी कोणाचं बोट गेलं नव्हतं. घरातल्या बोर्डाला कुलपाची सोय नव्हती, म्हणून त्यांनी बायकोचा, सुगंधाबाईंचा, कडीचा पत्र्याचा डबा रिकामा केला, कॉम्प्युटरची वायर काढून त्यात ठेवली, झाकण लावून कुलूप ठोकलं आणि वर पुठ्ठा टांगला : 'काम चालू आहे. हात लावू नये.'

"घरात आपण तिघंच आहोत," ज्ञानेश्वरी म्हणाली.

"अपघाताला येक बी पुरतो."

खोका उघडला आणि त्यांचा संताप आणखी चढला. पंख्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी बसली होती. चिप आणि तिच्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामधला पांढरा लेप, ज्यातून उष्णता बाहेर जायची, तो वाळून खपली झाला होता. पगारी माणसाने असं केलं असतं तर त्यांनी त्याला गेटबाहेर काढलं असतं. त्यांनी तो लेप पुसून चिप लख्ख केली आणि नवा लेप आणायला, कोणाचं काही न ऐकता, रिक्षाने बोईसर गाठलं. दुकान एक ते चार बंद होतं.

भर दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्या माणसाला चार शब्द सुनावायचे म्हणून ते पायरीवरच बसले. दीडला मुलीचा फोन आला. किल्ली घेऊन घरी या, एवढंच तिचं म्हणणं.

"लेप न लावता चालू करशील. चिप जळंल."

"पप्पा, लेप माझ्या—"

त्यांनी फोन कापला. पुढचे सहा फोन त्यांनी उचललेच नाहीत. किल्ली ज्याच्या खिशात, त्याने घाईला भीक घालायची नसते.

चारला दुकान उघडलं. मालकाला दहा मिनिटं झाडून, ट्यूब घेऊन भगवंतराव सव्वाचार-साडेचारला घरी पोचले. डबा जागेवर होता. कुलूप जागेवर होतं. आणि कॉम्प्युटर चालू होता.

ते दारातच थबकले. "कुलूप कुनी तोडलं?"

"कुनी बी न्हाई," सुगंधाबाई शांतपणे म्हणाल्या. "भाताच्या कुकरची वायर कॉम्प्युटरला बसती. दोन्हीकडनं निघती ती. लावली."

"आन् लेप?"

"माझ्या ड्रॉवरमध्ये नवी ट्यूब होती," ज्ञानेश्वरी पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "तेच सांगत होते फोनवर. धूळही काढली आणि वेग एक पायरी उतरवला. अठ्ठ्याहत्तरच्या वर जात नाहीये."

एकतीस वर्षांचा नियम एका कुकरच्या वायरीने पार धुळीला मिळवला होता. भगवंतरावांना इतका राग आला की नक्की कोणावर काढावा हेच कळेना. त्यांनी तो चपलेवर काढला. पण टेबल फॅन मात्र उचलून खोक्याच्या उघड्या बाजूला आणून ठेवला आणि हात मागे बांधून उभे राहिले. पाचला दहा कमी असताना फिल्म गेली. साडेपाचला बिल्डरचा फोन आला. फ्लॅट त्याला आवडला होता. दुसऱ्या इमारतीची फिल्म त्याला बुधवारपर्यंत हवी होती, आणि ज्ञानेश्वरीने लगेच कामाला हात घातला.

"आता त्यो डबा उघडा," सुगंधाबाई म्हणाल्या. "आतली वायर कुकरला लागंल. भात टाकायचाय."

भगवंतरावांनी खिशातून किल्ली काढली, पुठ्ठा उतरवला आणि रीतसर कुलूप उघडून वायर बायकोच्या हवाली केली. मग गॅलरीत जाऊन त्यांनी जुन्या साहेबांना फोन लावला. पोरगी सोमवारी येणार नाही म्हणाले. साहेब भडकले, एवढ्या विनवण्या करून जागा धरून ठेवायला लावली, आणि आता नाही कशी म्हणते ती?

भगवंतराव साहेबांहून जास्त भडकले.

"साहेब, तुमी हे इचारता?" ते म्हणाले. "चालू मशीन टाकून मानूस येतो का कदी?"