मुक्या कंट्रोलरचं प्रकरण

माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाक, आईच्या मते, नको तिथे खुपसायचं. गल्लीत मला ‘गुप्तहेर’ म्हणतात. मी गुप्त असताना हे सगळ्यांना कसं कळलं, एवढं एकच कोडं मला सुटलेलं नाही. बाकीची प्रकरणं माझ्या काखेतल्या फाईलमध्ये आहेत. फाईल इतकी फुगली होती, की मागच्या आठवड्यात हाताला लागली त्या काळ्या दोरीनं मी ती करकचून बांधली.

रविवारी दुपारी चारला पाच कमी असताना ताईनं हाक मारली. गेमचा कंट्रोलर तिनं कॉम्प्युटरला जोडला होता, पण कॉम्प्युटर त्याला ओळखच दाखवत नव्हता.

प्रकरण नाजूक होतं. भाऊजी जहाजावर असतात. त्यांना रविवारी चार ते पाच नेट मिळतं, आणि या रविवारनंतर वीस दिवस तेही मिळणार नव्हतं. फोनवर दोघांचं ‘जेवलीस?’, ‘हो, तू?’ एवढ्यावर आटपतं. पण गाड्यांच्या त्या गेममध्ये दोन गाड्या शेजारी शेजारी धावू लागल्या, की ताईच्या ओठांवरचं कुलूप गळून पडतं. शर्यत कुणीच जिंकत नाही. डोंगरमाथ्यावर गाड्या उभ्या करून दोघं बोलत बसतात. कीबोर्डवर तिला गाडी जमत नाही. एकदा भाऊजी माथ्यावर वाट पाहत राहिले आणि ही गाडीसकट तळ्यात.

मी तपास हाती घेतला. कंट्रोलरचा दिवा लागला होता. म्हणजे मयत नव्हता. मग गप्प का? कुणाच्या दबावाखाली? मी एकेक बटण दाबून उलटतपासणी घेतली. बटणं सोळा, जबाब शून्य.

मग माझा संशय पोर्टवर गेला. वायर पुढच्या दोन्ही पोर्टांत घालून पाहिली, मागच्या चारही पोर्टांत घालून पाहिली. कंट्रोलर मुकाच राहिला. प्रिंटर मात्र बंद पडला. ताईनं प्रिंटरबद्दल काही विचारलं नाही, हे मला जास्त लागलं.

शेवटी खरा सूत्रधार सापडला: ड्रायव्हर. हा कॉम्प्युटरच्या आतला दुभाष्या. कंट्रोलरचं म्हणणं कॉम्प्युटरला तोच समजावून सांगतो. तो फितूर झाला असणार. मी त्याला काढून टाकला, नवा मागवला. त्या आनंदात कॉम्प्युटर स्वतःच बंद झाला, पुन्हा चालू झाला आणि नऊ मिनिटं पांढरं चक्र फिरवत बसला. ताई चक्राकडे बघत नव्हती. घड्याळाकडे बघत होती.

चार पंचवीसला तिच्या फोनवर भाऊजींचा मेसेज आला: ‘माथ्यावर उभा आहे. ये सावकाश.’

“राहू दे,” ताई म्हणाली. “फोनच करते. जेवलास का, विचारते.”

माझ्याकडे आणखी चार तर्क तयार होते. मी फाईल काखेत घट्ट आवळली.

आई खिडकीशी बसून भाऊजींसाठी स्वेटर विणत होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

“ती पांढरी वायर लावलीस होय? ती माझ्या चार्जरची. नुसतं पोटाला घालते, निरोप पोचवत नाही.”

“म्हणजे?” ताईनं विचारलं.

म्हणजे असं, की त्या वायरीवर आईचा फोन चार्ज व्हायचा, पण फोटो कॉम्प्युटरवर घ्यायला गेलं की काही म्हणजे काही दिसायचं नाही. त्याला कंट्रोलरबरोबर आलेली काळी वायरच लागायची.

काळी वायर गायब! मी तात्काळ वही उघडली. हे चोरीचं प्रकरण होतं.

“शेवटची कुणी पाहिली?” मी करड्या आवाजात विचारलं.

आईच्या सुया थांबल्या नाहीत. “मी बघतेय की आत्ता. तुझ्या काखेत.”

गाठ ताईनंच सोडली, दातांनी. कॉम्प्युटरनं ‘टुंग’ केलं. चार एकतीसला तिची गाडी डोंगराला लागली.

मी जमिनीवर पसरलेली प्रकरणं गोळा करत होतो. ताई गळक्या नळाचं सांगत होती, आईच्या गुडघ्याचं, माझंही; मध्येच हसत होती. पाचपर्यंत जेवणाचा विषय काही निघाला नाही.

फाईल मी पुन्हा बांधली आहे, या वेळी मऊ निळ्या लोकरीनं. कालपासून आई म्हणतेय, स्वेटरची एक बाही आखूड भरतेय.

तपास चालू आहे.